लंडनला नवीन आलात? ब्रिटिश लायब्ररीचा पास आधी काढून ठेवा

लंडनमध्ये उतरल्यावर पहिल्या महिन्यातली कामं सगळ्यांची सारखीच असतात: बँकेत खातं, जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे, नोंदणी, नॅशनल इन्शुरन्स नंबर, घराचं डिपॉझिट आणि चांगली तूरडाळ कुठे मिळते याचा शोध. या यादीत आणखी एक काम घाला, असं मी नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगते. ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास, म्हणजे तिथल्या वाचनकक्षात बसून पुस्तकं मागवून वाचायचा परवाना, काढा. तो फुकट मिळतो आणि वयाची अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही काढता येतो. त्यासाठी तुम्ही विद्यार्थी किंवा प्राध्यापक असायला हवं असं अजिबात नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आणि दिवसभर घरात एकट्या असलेल्या मैत्रिणींना तर मी हे दोनदा सांगते.

पुण्याच्या मंडळींचा एक गोंधळ आधी दूर करते. फर्ग्युसन रस्त्यावर आपण जिला ब्रिटिश लायब्ररी म्हणायचो, ती ब्रिटिश कौन्सिलची होती. वर्गणी भरायची, पुस्तकं घरी आणायची, असा तिथला कारभार. लंडनची ब्रिटिश लायब्ररी हे या देशाचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथे जमा करायची, असा कायदाच आहे. 2013 पासून तो डिजिटल प्रकाशनांनाही लागू झाला. एकूण संग्रह 17 कोटींहून जास्त वस्तूंचा: पुस्तकं, हस्तलिखितं, नकाशे, वर्तमानपत्रं, ध्वनिमुद्रणं, टपाल तिकिटंसुद्धा. मात्र यातलं काहीही घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं. घरी न्यायला पुस्तकं हवी असतील तर तुमच्या भागातल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, लायब्ररीत नाव नोंदवा. तेही फुकट असतं, आणि मुलांची गोष्टींची पुस्तकं तिथूनच आणायची. दोन्ही ठिकाणी नाव असू द्या, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

जायचं कसं? हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाईन आणि हाउन्स्लोहून पिकॅडिली लाईन थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला नेते. बाहेर पडून यूस्टन रोडने पश्चिमेकडे निघालात की सेंट पँक्रसचं मनोऱ्यांचं जुनं हॉटेल लागतं आणि त्याला लागूनच लाल विटांची लायब्ररी. अंगणात हातात कंपास घेऊन ओणवा बसलेला न्यूटनचा भलामोठा ब्राँझचा पुतळा दिसला की समजा, आलात. वास्तुविशारद कॉलिन सेंट जॉन विल्सन यांनी या इमारतीवर उमेदीची कित्येक वर्षं घालवली आणि 1998 मध्ये तिचं औपचारिक उद्घाटन झालं. वर दिसते त्यापेक्षा जास्त लायब्ररी जमिनीखाली आहे, कारण बरीचशी पुस्तकं खोल तळघरांत ठेवलेली असतात.

आत शिरायला पास लागत नाही. दारात बॅग तपासतात, तेवढंच. वाय-फाय मोकळं आहे. जिन्यांजवळ आणि मजल्यांवर टेबलखुर्च्या मांडलेल्या आहेत, तिथे कुणीही बसावं. घरातली एकच खोली दोघातिघांत वाटून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना याची किंमत पहिल्याच आठवड्यात कळते. परीक्षांच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, या जागा सकाळीच भरतात, तेव्हा लवकर निघा. आतलं खाणं महाग पडतं. डबा न्या आणि अंगणातल्या बाकावर बसून खा. तिथे अनेकजण तेच करतात, संकोच वाटायचं कारण नाही.

पहिल्या खेपेला ट्रेझर्स गॅलरी पाहा, तिला तिकीट नाही. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या 1215 च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या आज चारच प्रती उरल्या आहेत, त्यांतल्या दोन या लायब्ररीकडे आहेत. लिओनार्दो दा विंचीची वही आहे, बीटल्सनी हाताने लिहिलेली गाणी आहेत. बाहेर आलात की इमारतीच्या मधोमध काचेचा उंच मनोरा दिसेल. तिसऱ्या जॉर्ज राजाची ग्रंथसंपदा त्यात कड्यांसारखी रचलेली आहे. कर्मचारी अधूनमधून त्यातून खरोखर पुस्तकं काढून वाचकांना देतात. शोभेपुरतं ते कपाट नाही.

आता पासाकडे वळू. संकेतस्थळावर नावनोंदणी करायची आणि मग ओळखपत्र घेऊन तिथे जायचं. पासपोर्ट जवळ असतोच. पत्त्याचा पुरावा मिळाला असेल तर तोही ठेवा, आणि सध्या नेमकी कोणती कागदपत्रं मागतात ते निघण्याआधी संकेतस्थळावर पाहा. ऑक्टोबर 2023 मध्ये या लायब्ररीवर मोठा सायबर हल्ला झाला. खंडणीसाठी संगणकयंत्रणा बंद पाडली गेली, कॅटलॉगसुद्धा महिनोन्‌महिने वापरता येत नव्हता. सेवा टप्प्याटप्प्याने परत आल्या, पण जुन्या लेखांत किंवा व्हिडिओंत सांगितलेली पद्धत तशीच उरली असेल असं धरून चालू नका. काम महत्त्वाचं असेल तर आधी ईमेल करून विचारा. उत्तर देतात, आणि सविस्तर देतात.

वाचनकक्षाचे नियम कडक आहेत आणि मला ते मनापासून पटतात. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. कोट, बॅग, पाण्याची बाटली सगळं खालच्या लॉकरमध्ये ठेवायचं. लॅपटॉप, वही, पेन्सिल, चष्मा एवढं पारदर्शक पिशवीत घालून वर जायचं. पुस्तक आधी मागवून ठेवलं तर आल्या आल्या वाचायला बसता येतं. काही पुस्तकं खालच्या तळघरातून येतात, काही यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पाच्या कोठारातून, आणि त्यांना दोनेक दिवस लागू शकतात. गेलो, मागितलं आणि लगेच मिळालं, असं दरवेळी होत नाही. बऱ्याच साहित्याचे फोटो स्वतःच्या फोनवर काढता येतात, फक्त फ्लॅश नको आणि कॉपीराइटचे नियम पाळायचे.

तिसऱ्या मजल्यावर आशिया-आफ्रिका विभागाचा वाचनकक्ष आहे. मराठी माणसाने तिथे जायलाच हवं. भिंतींवर जुनी तैलचित्रं आहेत, पण खरा ऐवज मागवल्याशिवाय दिसत नाही. ईस्ट इंडिया कंपनी, तिच्यावर देखरेख करणारं बोर्ड ऑफ कंट्रोल आणि नंतरचं इंडिया ऑफिस (भारताचा कारभार पाहणारं लंडनमधलं सरकारी खातं), म्हणजे 1600 पासून 1947 पर्यंतचा कारभार इथे कागदोपत्री आहे. फळ्या सलग मांडल्या तर सुमारे 14 किलोमीटर भरतील. मुंबईच्या कौन्सिलात जे ठरायचं त्याची नक्कल जहाजाने लंडनला पाठवावी लागे, कारण मालक इथे बसलेले होते. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या कारभाराची दुसरी प्रत यूस्टन रोडवर सापडते. मूळ मराठी दप्तर मात्र इथे शोधू नका. पेशवे दप्तर पुण्यालाच आहे, त्यासाठी पुणे पुराभिलेखागार गाठावं लागतं. 1867 चा छापखान्यांचा कायदा आल्यावर मुंबई इलाख्यात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि त्यांतली निवडक पुस्तकं लंडनला येऊ लागली. एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं इथे इतकी आहेत ती त्यामुळे. त्यांची छापील सूची 1892 मध्येच निघाली होती.

इतिहासाचे अभ्यासक नसाल तर सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर ठरलेलं आहे: आपल्या तालुक्याचा जमीन पाहणीचा अहवाल मागवा. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सारा ठरवण्यासाठी एकेक तालुका पिंजून काढला आणि ते अहवाल मुंबई सरकारच्या छापील दप्तरांत आले. आमच्या सातारकडच्या तालुक्याचा अहवाल मी पहिल्यांदा उघडला, तेव्हा त्यातले तक्ते वाचता वाचता दुपार कधी संपली कळलं नाही. माणसं किती, घरं किती, शेतीचे बैल किती, दूधदुभतं किती, नांगर किती, गाड्या किती, चालू विहिरी किती आणि मोडकळीला आलेल्या किती. शेवटी कोणत्या बाजारात कोणतं धान्य कुठून येतं, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद पडतो, याचा तपशील. आजीच्या तोंडून ऐकलेली बाजाराची वाट त्या इंग्रजी अहवालात जशीच्या तशी होती. शोधताना जुनी इंग्रजी रूपं वापरा: पुण्याला पूना, ठाण्याला टॅना, साताऱ्याला सतारा. एका रूपाने काही मिळालं नाही तर दुसरं टाकून पाहा. मराठी पुस्तकांची शीर्षकंही रोमन लिपीत नोंदलेली असतात. अडलात तर सरळ टेबलावरच्या ग्रंथपालांना विचारा. तिथल्या लोकांना प्रश्न आवडतात, आणि ‘मी संशोधक नाही’ म्हणून कुणी तुम्हाला कमी लेखत नाही.

वर्तमानपत्रांत रस असेल तर एक आणखी गोष्ट. मुंबई सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला काढून घेत असे. केसरी, ज्ञानप्रकाश काय लिहितायत यावर नजर ठेवायला केलेली ती सोय होती. आज ज्या पत्रांचे अंक कुठेच मिळत नाहीत त्यांच्या मजकुराचा माग त्यातूनच लागतो. एलएलएम, एमए करायला आलेल्या मुलांनी प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी हा गोषवारा एकदा तरी चाळावा.

आपल्या माणसांची या संग्रहाशी ओळख जुनी आहे. 1857 वरच्या पुस्तकासाठी सावरकरांनी इंडिया ऑफिस लायब्ररीतली कागदपत्रं वाचली, तोच संग्रह आता तिसऱ्या मजल्यावर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदव्यांसाठी 1920 मध्ये परत आलेले डॉ. आंबेडकर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसच्या दिवस बसत. ते वाचनालय 1973 मध्ये ब्रिटिश लायब्ररीत विलीन झालं. गोल घुमटाचा तो हॉल ब्लूम्सबरीच्या म्युझियममध्येच राहिला, पुस्तकं मात्र इकडे आली. बाबासाहेब ज्या घरात राहत होते ते 10 किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घेतलं. लायब्ररीपासून ते फार लांब नाही, एकाच दिवसात दोन्ही होतं.

आता पोटापाण्याचं. लायब्ररीत बिझनेस अँड आयपी (बौद्धिक संपदा) सेंटर आहे. धंदा सुरू करणाऱ्यांसाठी बाजारपेठेचे अहवाल तिथे फुकट पाहता येतात. एरवी ते विकत घ्यायचे तर नवख्या माणसाला परवडणार नाहीत. ट्रेडमार्क, पेटंट, कॉपीराइट यांची प्राथमिक माहिती मिळते, कार्यशाळा होतात, त्यांतल्या काही मोफत असतात. घरगुती फराळाचा किंवा डब्यांचा व्यवसाय मनात असलेल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना मी तिथेच धाडते: आधी नाव आणि ट्रेडमार्क तपासा, मग डब्यावर लेबल लावा. फक्त व्हिसाचं भान ठेवा. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या डिपेंडंटला स्वतःचा व्यवसाय करता येतो, पण स्टुडंट व्हिसावर असलेल्यांना नाही. विद्यार्थ्यांनी ‘लहानसंच तर आहे’ म्हणून तसं काही सुरू करू नये. व्हिसाच्या अटी मोडल्या तर पुढचं सगळं अडतं.

लायब्ररीतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती तिच्याच संकेतस्थळावर येतात. पीएचडी करणाऱ्यांसाठी वेगळ्या प्लेसमेंट असतात, त्यांची चौकशी आपल्या विद्यापीठातही करा. व्हिसासाठी स्पॉन्सरशिप मिळेल का, हे प्रत्येक जाहिरातीत आधी वाचा. आपली मुलं इथे एक गोष्ट हमखास चुकवतात: सीव्ही भारी, पण अर्जातलं निवेदन दोन ओळींचं. इथल्या सार्वजनिक संस्थांत जाहिरातीतल्या एकेका अटीसमोर तुमच्या कामातलं उदाहरण द्यावं लागतं. संघात काम केलं असं मोघम लिहू नका, कुठे, कुणाबरोबर आणि त्यातून काय झालं ते लिहा. निवड करणारे त्या अटींवरच गुण देतात.

व्याख्यानं आणि प्रदर्शनं वर्षभर चालू असतात. मोठ्या प्रदर्शनांना तिकीट असतं, विद्यार्थ्यांना सवलत मिळते, छोटी प्रदर्शनं बऱ्याचदा मोफत असतात. काही व्याख्यानं ऑनलाइनही दाखवतात, म्हणजे लेस्टर किंवा मँचेस्टरला असलात तरी हुकणार नाहीत. ईमेलवरची बातमीपत्रं सुरू करून घ्या, दक्षिण आशियाचा विषय आला की लगेच कळतं. मुलांना घेऊन जायचं तर रविवार चालतो, इमारत उघडी असते. वाचनकक्ष मात्र रविवारी बंद, त्यामुळे नोकरदारांनी वाचायला शनिवार गाठावा आणि पुस्तकं आठवड्याच्या मध्यालाच मागवून ठेवावीत.

डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला किंवा दिवाळीला याल तेव्हा ही चौकशी जरूर करा. मंडळ 1932 पासून आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर नेमाने जाणारं कुणी ना कुणी तिथे भेटतंच. पहिल्या खेपेला सोबत हवी असेल तर मागा. कोणता कागद कसा मागवायचा हे शेजारी बसून दाखवणारं माणूस मिळालं की काम फार सोपं होतं.