पहिली दुर्बीण घेतली? मग या चुका टाळा

"दुर्बीण आणली पण काहीच दिसंना, वापस करू का?" हिवाळा सुरू झाला की हा प्रश्न लई जण विचारायलेत. आणि जवळपास दरवेळी दुर्बीण चांगली असते, वापरायची पद्धत चुकलेली असते, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉवरच्या मागं लागणं. खोक्यावर ६७५ पट छापलेलं असतं आणि माणूस तेच बघून पैसे देतो. हिशोब साधा आहे, नळीची फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाची, फोकल लेंथ, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ९०० मिमीच्या दुर्बिणीला २५ चं आयपीस लावलं की ३६ पट, ४ चं लावलं की २२५ पट आणि त्यात तिप्पट बार्लो, म्हणजे पॉवर वाढवणारं जोडभिंग, घुसवला की झालं ६७५. पण आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही फार तर फारची मर्यादा, म्हणजे ११४ मिमीच्या आरशाला २२८ च्या आसपास, तेही हवा एकदम शांत असेल तर. त्याच्या वर नुसता अंधुक गोळा दिसतो. शिवाय पॉवर वाढली की आभाळाचा दिसणारा तुकडा बारीक होतो आणि पृथ्वी फिरतेच आहे, त्यामुळं २२५ पटीला ग्रह मिनिटाभरात बाहेर निघून जातो.

मागं सेलूकडं एका शेतातल्या आखाड्यावर आम्ही आभाळ बघणारे हुरड्याच्या निमित्तानं जमलो होतो. परभणीचा एक पोरगा नवीकोरी ११४ ची दुर्बीण घेऊन आला, खोकं सुद्धा फोडलेलं नव्हतं. अंधार पडल्यावर मोबाईलची बॅटरी तोंडात धरून जोडायला बसला, एक स्क्रू ज्वारीत पडला तो शेवटपर्यंत सापडला नाही, आणि कशीबशी उभी केली तर पहिल्याच झटक्यात ४ चं आयपीस आणि त्याच्या खाली बार्लो. गुरू डोक्यावर एवढा ठळक चमकायलाय आणि याला पाऊण तास झाला तरी सापडंना, बिचारा रडकुंडीला आलेला. आमच्यातले सगळ्यात जुने म्हणजे गुरुजी, ते जवळ गेले अन् म्हणाले, "बाळा, ते सगळं काढ आधी, २५ चं लाव." मग नळीच्या कडेवरून नेम धरून त्यांनी गुरू आणला, चारी मोठे चंद्र एका रेषेत. पोरगं बघून एकदम गप्प झालं. त्यानं डोळा काढल्याबरोबर गुरुजींनी नळी हातानं दुसरीकडंच ढकलली आणि म्हणाले, "आता तू आण."

"गुरुजी, तुम्हीच आणा ना परत."

"मी आणला तर उद्या घरी कोण आणून देणारे?"

त्याला वेळ लागला, पण त्यानं आणला. माझ्या मते शिकायची खरी पद्धत हीच. जाणकार माणसाकडं जाऊन नुसता डोळा लावून, फोटो काढून परत येणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, कारण घरी गेल्यावर त्यांची दुर्बीण महिन्याभरात माळ्यावर जाते. जाणकाराला म्हणावं, तुम्ही शेजारी बसा, हात मला लावू द्या. आणि दुर्बीण घरी उजेडात दोनदा जोडून-सोडून मगच न्यावी.

दुसरी चूक फाइंडरची, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीची. लोक रात्री ताऱ्यावर फाइंडर जुळवायला बसतात, तारा सरकत राहतो आणि वैताग येतो. हे काम दिवसा करायचं. मी सायंकाळी ऊन उतरल्यावर, सूर्य पाठीमागं ठेवून, लांबच्या मोबाईल टॉवरचं टोक २५ च्या आयपीसात मधोमध आणतो आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुली त्याच टोकावर आणतो, नंतर १० चं लावून परत तपासतो. टॉवर उलटा दिसला तर घाबरू नका, आरशाच्या दुर्बिणीत तसंच दिसतं.

पण सूर्याकडं नळी चुकूनही वळवायची नाही, फाइंडर सुद्धा नाही, एका क्षणात डोळा कायमचा जातो. काही स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसला बसवायचा काळा सौर फिल्टर येतो, तो उष्णतेनं तडकतो, फेकून द्या. सौर फिल्टर नळीच्या तोंडावर, पुढच्या बाजूला बसणाराच पाहिजे.

गच्चीचा मोह आवरा. आमच्याकडं मार्च-एप्रिलला स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफ सोडत राहतो, शेजारचे पत्रे तर विचारूच नका, आणि त्या गरम हवेतून गुरू पाण्यातल्यासारखा हलतो. मोकळं अंगण किंवा शेत बरं. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा म्हणजे आरशाचं तापमान हवेच्या बरोबरीला येतं, तेवढ्या वेळात डोळेही अंधाराला सरावतात. मधीच मोबाईल उघडला की परत पहिल्यापासून.

इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ध्रुवाकडं अक्ष रोखून फिरणारा स्टँड, असेल तर अक्षांशाचा काटा आला तसाच ठेवू नका, आपल्या गावाच्या अक्षांशावर लावा. लातूरला साधारण १८.४, नांदेडला १९, संभाजीनगरला २० अंश. आपल्याकडं ध्रुवतारा आभाळात खाली असतो म्हणून वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडकू शकतो, तेव्हा लावलेला काटा बदलू नका, पाय फिरवून घ्या. नवशिक्यानं खरं तर साधं डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीवरच्या बैठकीवर हातानं फिरवायची दुर्बीण, तेच घ्यावं.

फोटोतले रंग शोधू नका. देवयानी दीर्घिका म्हणजे राखाडी पुसट डाग दिसणार, मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाही. पण तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे आणि तुमच्या डोळ्यात पोचलाय, एवढं लक्षात ठेवून बघा, नजर जराशी बाजूला ठेवून, मग डाग पसरलेला दिसतो.

आरसा उपरण्यानं पुसू नका. आरसा सरळ जुळवायचे त्याच्यामागचे स्क्रू स्वतःहून पिळू नका, पहिल्यांदा जाणकाराकडून जुळवून घ्या. दव पडलं तर आपोआप वाळू द्या, मगच झाकण लावा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि उघाड मिळाली की सावलीत हवा दाखवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते.