काम बदललं की ईआरपी कसं बदलायचं: शिरोलीच्या फाउंड्रीतून

आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं कच्चं कास्टिंग, म्हणजे मशीनवर न घेतलेला ओतीव भाग, किलोवर विकलं जायचं. पुढं ग्राहक मशिनिंग केलेला माल नगावर मागू लागले. ईआरपी, म्हणजे साठा, ऑर्डरी, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर, किलोतच राहिलं. डिस्पॅचचे मामा म्हणाले, "मॅडम, सिस्टीममध्ये किलो हाय, पार्टीला नग पायजेत. मग मी वहीत लिवतो."

सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी ती वही बघा. मामांच्या वहीत तीन रकाने होते: नग, हीट नंबर, कुठल्या मशीनशॉपला गेलं. आम्हाला हवा असलेला बदल तिथंच लिहिलेला होता.

यात हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर, सगळ्यात महत्त्वाचा. आतला ब्लोहोल (वायूमुळं राहिलेली पोकळी) बऱ्याचदा मशिनिंग करतानाच उघडा पडतो, आणि तोवर माल गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपला पोचलेला असतो. चलनावर (मालासोबतच्या कागदावर) हीट नंबर नसेल तर सगळाच लॉट संशयात येतो. म्हणून जाताना आणि परत येताना, दोन्ही चलनांवर तो रकाना सक्तीचा करा. जीएसटीत जॉबवर्कचा, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला दिलेला, माल वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो, तेव्हा चलनवार बाकी नगातही दिसू द्या.

जुन्या आयटमचं एकक किलोवरून नग करू नका. शिल्लक साठा आणि चालू ऑर्डरी बिघडतात. तयार मालाला नवा कोड द्या आणि बीओएममध्ये (कशापासून काय बनतं त्या यादीत) कच्चं कास्टिंग जोडा. एका नगाचं वजन ड्रॉइंगवरून घेऊ नका, वीस नग काट्यावर ठेवून सरासरी काढा.

चाचणी घ्या ती डेटाच्या कॉपीवर, आणि मुद्दाम अडचणीचा व्यवहार घेऊन: शंभर नग गेले, त्र्याण्णव चांगले आले, चार मशिनिंगमध्ये बिघडले, तीन कास्टिंगच्या दोषानं गेले. त्या चारांचा आणि तिनांचा रिजेक्शन कोड वेगळाच हवा, नाहीतर आमची चूक मशीनशॉपच्या बिलातून कापली जाते. हे माझ्या मनाला लागतं.

रकाने, रिपोर्ट हवे तेवढे वाढवा. मूळ प्रोग्रॅमला हात लावू देऊ नका. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) सक्तीची उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी होती, ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. असे नियम बदलले की अपडेट घ्यावंच लागतं, आणि त्यात मूळ प्रोग्रॅममधली तोडफोड आडवी येते.

बदल स्टॉक मोजून महिन्याच्या एक तारखेला सुरू करा, मार्च-एप्रिल सोडून. पहिला महिनाभर मामांची वही चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी मामांना शेजारी बसवून ती स्क्रीनशी ताडून बघा.