पॅनेल गेलं म्हणण्याआधी टॉर्च मारा: घरी दुरुस्ती करताना या चुका टाळा

बिघडलेली वस्तू घरी उघडायला माझा विरोध नाही, शिकायचं तर उघडावीच लागते. पण आधी स्क्रू सुटतात आणि विचार नंतर सुरू होतो, हे बघून जीव हळहळतो.

माझ्या भाच्याच्या ३२ इंची एलईडी टीव्हीचा आवाज ठणठणीत होता, पडदा मात्र काळा. दुकानदाराने मागचं झाकणही न काढता सांगून टाकलं, "पॅनेल गेलंय, नवाच घ्या." पॅनेल म्हणजे चित्र दाखवणारी पडद्याची काच. मी फोनवर भाच्याला म्हटलं, खोलीत अंधार कर आणि पडद्याला चिकटून तिरका टॉर्च मार. पुसट माणसं हलताना दिसली. म्हणजे पॅनेल शाबूत होतं, त्याला मागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या होत्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ पट्ट्यांचा सेट सहाशे रुपयांत मिळाला.

"रविवारी येतो, दोघं मिळून काच काढू," असं बजावलं होतं. त्याला दम निघाला नाही. शनिवारी रात्री दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून त्याने काच एकट्यानेच उचलली. ती मधोमध वाकली, कोपऱ्यातून तडा गेला आणि काठाच्या पातळ रिबिनीसारख्या वायरीही फाटल्या. आता खरोखरच पॅनेल गेलं, आणि त्याची किंमत जवळपास नव्या टीव्हीएवढी. इतकी वर्षं हे काम करूनही मी काच एकट्याने उचलत नाही. आधी गादीवर स्वच्छ चादर अंथरतो, मगच हात घालतो.

दुसरी चूक जिवावर बेतणारी. "प्लग काढलाय ना, मग काय होतंय?" घरातला २३० व्होल्टचा एसी टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये डीसी होतो आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढल्यावरही ते तिथे राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणाऱ्यांचा मला राग येतो. मी जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब होल्डर आणि दोन वायरींसकट जपून ठेवलाय. त्यातून चार्ज उतरवायचा, मग मल्टीमीटरने मोजायचं आणि मगच बोट लावायचं. मायक्रोवेव्ह मात्र मी उघडतच नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात, ते काम जाणकारालाच द्या.

पंखा हळू फिरतो म्हणून नवा आणू नका, आधी कंडेन्सर, म्हणजे त्याचा कॅपॅसिटर, बदला. जुन्यावर छापलेलाच आकडा घ्यायचा, बहुधा २.५ मायक्रोफॅरड. शंभर रुपयांच्या आत काम होतं. मेन स्विच बंद करूनच वर चढा.

मिक्सर चटणी वाटताना अचानक थांबला? थोडा थंड होऊ द्या आणि तळाचं लाल बटण दाबा.

भिजलेला मोबाईल तांदळात पुरून काही होत नाही. बंद करा, चार्जिंगला लावू नका, त्याच दिवशी बोर्ड साफ करणाऱ्याकडे न्या.

बॅटरी फुगली असेल तर टोकदार वस्तूने उचकटू नका, दाबूनही बसवू नका. इथे पैसे वाचवायचे नसतात.

खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की मी दुरुस्ती सोडतो.

आणि स्क्रू वाटीत टाकू नका. कागदावर वस्तूचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. मोबाईलमध्ये आखूड स्क्रूच्या जागी त्याच्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटरने लांब स्क्रू पिळला, तरी तो खालच्या बोर्डात घुसू शकतो.