उकिडवं न बसता घरची भाजी

गुडघ्याची झीज, कंबर किंवा बोटांचे सांधे दुखत असतील तर गच्चीवरच्या बागेत सगळ्यात आधी बदलायची गोष्ट म्हणजे उंची. कुंड्या जमिनीवर मांडून त्यांच्याभोवती उकिडवं बसत फिरणं गुडघ्यांना झेपत नाही. पाटावर बसणंही बरं नाही. बसताना सोपं वाटतं, पण उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून बियाणं आणण्याआधी टेप हातात घ्या.

बहुतेक ठिकाणी सगळ्या कुंड्या एकाच उंचीच्या स्टँडवर चढवतात आणि तिथेच फसतं. पालेभाजीत हात मातीजवळ चालतात: पेरणी, विरळणी, कापणी. टोमॅटो, वांगी, मिरचीत ते फळापाशी चालतात. म्हणून मेथी-पालकाची माती उंच हवी, टोमॅटोची ग्रो बॅग (माती भरून रोप लावायची पिशवी) खाली हवी. कंबरेइतक्या उंच टेबलावर टोमॅटो लावलात तर दोन महिन्यांत तोडणी डोक्याच्या वर जाते आणि खांदा धरतो.

पालेभाजीसाठी उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून 15 सेंटीमीटर वजा करा. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाला हे 80 ते 85 सेंटीमीटर येतं. मातीचा पृष्ठभाग तिथे हवा, स्टँडचा नव्हे. म्हणजे 15 सेंटीमीटर माती धरली तर अँगलचं स्टँड 65 ते 70 सेंटीमीटरचं करून घ्यायचं. पायांना रबरी बूट बसवायला सांगा, आणि भिंतीला लागून ठेवणार असाल तर रुंदी 45 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. पलीकडच्या कडेला हात पुरवायला वाकलात की कंबरेचं दुखणं परत आलंच.

खुर्चीत बसून काम करायचं असेल तर गुडघे टेबलाखाली जायलाच हवेत. नाहीतर अंग वळवून काम होतं आणि त्याने कंबर जास्त आखडते. खाली 60 ते 65 सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, वर जेमतेम 15 सेंटीमीटर खोल ट्रे, आणि खुर्चीवर घट्ट उशी टाकून बैठक उंच करा. उंच बैठकीवरून उठणंही सोपं जातं. खुर्ची हाताची हवी. प्लॅस्टिकचं स्टूल ओल्या लादीवर सरकतं, ते वापरूच नका.

भांडं म्हणून मंडईत दिसतो तसा जाळीचा प्लॅस्टिक क्रेट उत्तम, साधारण 54 बाय 36 सेंटीमीटरचा. मात्र तो उथळ, 18 सेंटीमीटरच्या आसपास उंचीचा निवडा. फूटभर खोल क्रेटमध्ये माती तळाशी राहते आणि कडेवरून आत वाकावं लागतं. आतून हिरव्या शेडनेटचे दोन थर लावा.

आता वजन. या क्रेटमध्ये 15 सेंटीमीटर भर म्हणजे 29 लिटर माल. दोन भाग भिजलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग गांडूळखत, एक भाग लाल माती आणि 100 ग्रॅम निंबोळी पेंड असं मिश्रण पाणी घातल्यावर 25 ते 30 किलो भरतं. नुसती माती भरली तर वजन 45 किलोच्या वर जातं. क्रेट कधीही भरून उचलायचा नाही. आधी रिकामा क्रेट स्टँडवर बसवायचा, मग दोन लिटरच्या डब्याने भरायचा. कोकोपीटची 5 किलोची वीट स्वस्त पडते, पण भिजल्यावर ती हलवता येत नाही. 650 ग्रॅमच्या विटा घ्या. एक वीट तीन-साडेतीन लिटर पाण्यात भिजून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे एका क्रेटला दीड वीट. भिजवलेलं कोकोपीट एकदा साध्या पाण्याने धुवून निथळून घ्या. त्यात मीठ राहिलं तर रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

टोमॅटो, वांगी, मिरचीला 12 इंची ग्रो बॅग पुरते. ती जमिनीपासून 20 ते 30 सेंटीमीटर उंचीवर ठेवा, म्हणजे बहुतेक फळं मांडी ते छातीच्या दरम्यान येतात. टोमॅटोचा शेंडा खांद्याच्या उंचीला आला की खुडून टाका. आधाराची बांबूची काठी रोप लावतानाच रोवा, नंतर रोवायला जोर लागतो आणि मुळंही तुटतात. दोडका, कारलं मांडवावर चढवायचा मोह टाळलेलाच बरा. घेवडा हवा असेल तर झुडपी जात घ्या.

झारी भरून वाहणं हे या कामातलं सगळ्यात वाईट ओझं, कारण ते एका हाताला लटकतं. ठिबक बसवा: 16 मिलिमीटरची नळी, क्रेटला ताशी दोन लिटर पाणी थेंबथेंब सोडणारे चार ड्रिपर, नळाला बॅटरीवरचा टायमर. रोज आठ मिनिटांत क्रेटला लिटरभर पाणी जातं. मे महिन्यात दोनदा द्यावं लागेल. वरच्या मजल्यावर टाकी जवळ असल्याने दाब कमी असतो. तिथे दाब-नियंत्रित ड्रिपर नीट चालत नाहीत, फिरवून कमी-जास्त करायचे साधे ड्रिपर घ्या. बोअरच्या पाण्याचे क्षार नळीत साचतात, म्हणून पंधरा दिवसांनी टोक उघडून पाणी सोडा. टोकाला आठच्या आकाराची कडी असते, ती काढायला बोटांत जोर लागतो. त्या जागी छोटा कॉक बसवून घ्या.

बोटं दुखतात त्यांनी खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करावी. बारीक मूठ घट्ट धरावी लागते, त्यानेच सांधे ठणकतात. माठाचं बी चिमटीत धरत बसू नका, चौपट कोरड्या वाळूत मिसळून मिठाच्या डबीने शिंपडा. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा. पालक, माठ उपटू नका, दोन बोटं ठेवून कात्रीने कापा, पुन्हा फुटतो.

सुरुवात ऑक्टोबरात मेथीने करा, 25 ते 30 दिवसांत हाती येते. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर जाते, तेव्हा माठ आणि अंबाडी लावा.

मावा किडीसाठी लिटरभर पाण्यात आधी मिलिलिटरभर पातळ साबण, मग 5 मिलिलिटर निंबोळी तेल मिसळून संध्याकाळी फवारा. ट्रिगरची बाटली बोटांना त्रास देते. दाबाचा दोन लिटरचा पंप टेबलावर ठेवून तळव्याने भरा.

सकाळी सांधे आखडलेले असतात, अंग मोकळं झाल्यावरच गच्चीवर जा. वीस मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की काम बदला, विरळणी चालू असेल तर तोडणी घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखलं तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा.

संधिवातावर मेथोट्रेक्सेटसारखी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर खत कालवताना हातमोजे आणि मास्क हवेतच. मधुमेहात पायाची जाणीव कमी झाली असेल तर बंद चपला घाला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांच्या आत घेतलेलं आहे ना ते पाहा. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं. क्रेटमधून गळणारं पाणी तुमच्या चालायच्या वाटेवर न येता थेट मोरीकडे जाईल, अशा बेताने स्टँड मांडा.