नाताळच्या विक्रीसाठी गुलाब: छाटणीपासून कळीपर्यंतची राखण

चर्चच्या आवारातले किंवा सभासदांच्या अंगणातले गुलाब आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात) आणि नाताळात विकून ती रक्कम परदेशातल्या लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या, मिशनला देणाऱ्या मंडळ्यांसाठी हा सल्ला आहे. अशा विक्रीतून मिशन पोसण्याची रीत जुनी आहे. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा, नरसिंहपूर भागात १८७७ पासून स्वीडनच्या लुथरन मिशनचं काम चाललं. स्वीडनमधल्या बायका शिवणमंडळं चालवत, हाताने केलेल्या वस्तू लिलावात विकत आणि तो पैसा परदेशी मिशनला देत. आपण फुलं विकणार आहोत. फूल नाशवंत, म्हणून सगळी काळजी आधी घ्यावी लागते.

छाटणी केल्यावर साधारण ४५ ते ५० दिवसांनी फूल येतं, थंडी लवकर पडली तर थोडा उशीर होतो. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी फुलं हवी असतील तर काही झाडं ऑक्टोबरच्या मध्यावर छाटा. नाताळासाठीची झाडं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटा. सगळी बाग एकाच दिवशी छाटू नका, नाहीतर फुलं एकदम येतील आणि मोक्याच्या दिवशी झाडं रिकामी असतील.

कात्रीला चांगली धार हवी. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (काडीवरच्या अंकुराच्या) अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घ्या. कापलेल्या टोकातून शिरणारा मर रोग काडी काळी करत खाली उतरतो. अशी काडी दिसली की काळ्या भागाच्या दोन बोटं खाली, हिरव्या भागात कापा आणि तुकडा जाळा. प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा आणि भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको. छाटलेली पानं आणि काड्या झाडाखाली सोडू नका. काळ्या ठिपक्यांचा रोग त्याच पाचोळ्यात मुक्काम करतो.

आता फुलकिडे. माझ्या मते नाताळच्या फुलाचा खरा शत्रू हाच. पांढऱ्या आणि फिक्या गुलाबावर त्याची खूण सगळ्यात आधी दिसते, आणि लुथरन मंडळीत पांढऱ्या गुलाबाला वेगळाच मान आहे. लुथरने १५३० साली आपल्या मुद्रेचा (शिक्क्याचा) अर्थ पत्रात सांगितला, त्यात निळ्या पटावर पांढरा गुलाब, त्यात लाल हृदय आणि हृदयात काळा क्रूस आहे. त्यामुळे विक्रीत पांढऱ्या फुलांना मागणी असणारच. फुलकिडा कळी मिटलेली असतानाच आत शिरतो आणि पाकळ्या खरवडून रस शोषतो. मग पाकळीच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी होतात, कळी वाकडी होते किंवा उमलतच नाही. फूल उमलल्यावर फवारून काही मिळत नाही.

म्हणून कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की तपासणी सुरू करा. सकाळी पांढरा कागद कळीखाली धरून कळीवर दोन टिचक्या मारा. पिवळट, दोऱ्याच्या तुकड्याइतके बारीक किडे कागदावर पळताना दिसतील. चार-पाच कळ्यांत सापडले तर निळे चिकट सापळे शेंड्यांच्या उंचीवर लावा, बाधित कळ्या खुडून पिशवीत बंद करा आणि १५०० पीपीएमचं निंबोळीयुक्त कीटकनाशक लिटरला ३ ते ५ मिली या प्रमाणात संध्याकाळी फवारा. आठवड्याने कागद पुन्हा धरा.

मावा कोवळ्या शेंड्यावर आणि कळीच्या देठावर घोळक्याने बसतो. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की शेंडा पाहा. पाण्याचा जोरदार फवारा सकाळी दोन-तीन दिवस लागोपाठ मारला तर बराचसा मावा जातो. ढालकिडे (लेडीबर्ड) दिसत असतील तर औषध हातात घेऊच नका, ते मावा खातात. युरिया जास्त झालेल्या झाडावर मावा हमखास वाढतो, तेव्हा नत्राचा हात आवरता ठेवा.

लाल कोळी पानाच्या खाली असतो. वरून पान फिकट, टाचणीने टोचल्यासारखं दिसतं. पान उलटून भिंग धरा, ठिपके हलताना दिसले तर तो कोळीच. भिंतीलगतची, धूळ बसलेली झाडं आधी सापडतात. खालच्या बाजूने पाणी मारा. पायरेथ्रॉइड गटातली औषधं इथे वापरू नका, त्यांनी कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट भडकतो.

दिवसा ऊन, रात्री गारवा अशा हवेत भुरी, म्हणजे पानावर पांढरी भुकटी दिसणारा रोग, येते. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम पुरतं, पण निंबोळी तेलानंतर दोन आठवडे गंधक नको, पान भाजतं. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या. पानाच्या कडेला गोल, कात्रीने कापल्यासारखे तुकडे गेलेले दिसले तर ते पानं कापणाऱ्या मधमाशीचं काम आहे. तिला राहू द्या.

चर्चच्या आवारात मुलं खेळतात. लेबलवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेली, म्हणजे जास्त विषारी, औषधं तिथे आणूच नयेत असं मला ठामपणे वाटतं. दुसरं कोणतंही औषध घ्यायचं तर गुलाबासाठी शिफारस आहे का, हे लेबलवर वाचा आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारा. फवारलेल्या बागेच्या पाकळ्या गुलकंदासाठी देऊ नका.

बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या की पहाटे फूल काढा, काडी लगेच बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि विक्रीआधी टोक पुन्हा तिरकं कापा.

पैशाचंही आधी ठरवा. खत, औषध, सापळे यांचा खर्च वेगळ्या वहीत लिहा आणि उरलेली रक्कम किती, हे मंडळीच्या पंच कमिटीसमोर वाचून दाखवा. ट्रस्टने देशाबाहेर खर्च केलेल्या रकमेला आयकरातली सूट आपोआप मिळत नाही, आणि व्यक्तीने परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर करसवलत नाही. रक्कम कुणाच्या नावाने, कोणत्या खात्यातून जाणार हे बँकेत आणि सीएकडे विचारून छाटणीच्या सुमारासच नक्की करा. डिसेंबरच्या धावपळीत ही कागदपत्रं राहून जातात.