शून्याचा रकाना

निर्वासितांच्या वसाहतीत रोग सर्वेक्षणाला निघालेले नवखे आधी मोबाइल ॲपबद्दल विचारतात. ॲप दोन दिवसांत जमतं. मला वेळ लागला तो स्वयंसेवकांनी कळवलेल्या आजार-मृत्यूंच्या आठवड्याच्या तक्त्यातलं शून्य वाचायला.

माझ्याकडे सुमारे 20,000 लोकांची वस्ती होती. दर 10,000 माणसांमागे दिवसाला 1 मृत्यू झाला की आणीबाणी समजतात. म्हणजे आमच्याकडे आठवड्याला 14. तक्त्यात मात्र ओळीने शून्यं येत होती आणि मी खुशीत होते. मग तिथल्याच एका वयस्क स्वयंसेविकेने विचारलं, दफनभूमीत कधी गेलात का? गेले. ताज्या मातीचे ढिगारे मोजले आणि गप्प परत आले. मृत्यू सांगितला की कार्डावरून नाव जातं, त्या माणसाचं रेशनही जातं. मग कोण सांगेल? आमची मृत्यूंची वही रेशनवाल्यांकडे जाणार नाही, हे वरिष्ठांकडून आधी पक्कं करून घेतलं, मगच लोकांना सांगितलं. उलट्या क्रमाने करू नका. तेव्हापासून दफनभूमीची फेरी दर आठवड्याची झाली.

स्वयंसेवकाने निदान करायचं नसतं. 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब, तापासोबत अंगावर पुरळ, 15 वर्षांखालच्या मुलाचा अचानक लुळा पडलेला हात किंवा पाय: एवढं दिसलं की कळवायचं. पुरळ म्हणजे गोवरच असं नाही, दहातले काही संशय फुकट जाणारच. त्यावरून कुणाला बोललात, तर पुढचा संशय तुमच्यापर्यंत येणार नाही. व्याख्या मात्र त्यांच्याच शब्दांत बसवा. आमच्या यादीतला जुलाबाचा शब्द अचूक होता, पण दात येताना बाळाला होणाऱ्या जुलाबांना तिथे वेगळंच नाव होतं आणि आयांच्या लेखी तो आजारच नव्हता. कित्येक बाळं अशी निसटली.

कळवायची घाई कशासाठी, हे 1994च्या जुलैत झाईरमधल्या (आताचं काँगो) गोमाने दाखवलं. तिथे रवांडाचे सुमारे 50,000 निर्वासित पहिल्या महिन्यातच दगावले, बहुतेक कॉलरा आणि रक्ती आवेने. 2017च्या अखेरीस बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत घटसर्प पसरला. हा आजार अनेक तरुण डॉक्टरांनी पुस्तकातच पाहिलेला. यादीत नसलेलं विचित्र काही दिसलं, तरी कळवायला सांगायचं ते म्हणूनच.

आणि कळवल्यावर कुणीतरी जायला हवं. माझ्या एका स्वयंसेवकाने लागोपाठ तीनदा जुलाबाचे रुग्ण कळवले. आमची गाडी दुसरीकडे अडकली होती, कुणीच गेलं नाही. चौथ्या आठवड्यात त्याने शून्य लिहिलं. त्याला मानधन किती तुटपुंजं मिळायचं ते सांगायलाही लाज वाटते. शेवटी मीच चालत त्याच्या तंबूकडे गेले, माफी मागितली आणि त्याच्यासोबत त्या तिन्ही घरी जाऊन आले.