पहिल्या हंगामात 30 यार्ड: एल्क, धनुष्य आणि अंतराचा हिशेब

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात धनुष्याने एल्कची, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाची, शिकार करायला निघालेला नवा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: किती लांबून मारता येतो? माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. पहिल्या वर्षी 30 यार्ड, म्हणजे साधारण 27 मीटर. त्यापलीकडे एल्क कितीही देखणा उभा असला तरी तो फक्त बघायचा.

इथे आलेल्या आपल्या मराठी माणसांपैकी बहुतेकांच्या घरी शिकार शिकवणारं कुणी नसतं. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ती परंपराच थांबली, आणि ते योग्यच झालं. इथे मात्र शिकार परवान्यावर चालते आणि एल्कची संख्या राखण्याचा तो सरकारी मार्ग आहे. घरी शिकवणारं कुणी नसल्यामुळे आपण शिकतो ते व्हिडिओ बघून. त्यात 80 यार्डांवरून लागलेले बाण दिसतात. पोटात बाण घेऊन दरीत उतरलेला नर दाखवायला कुणी बसलेलं नाही.

मराठी मित्रांकडून आणखी एक मुद्दा हमखास येतो. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याचे जगज्जेते झाले. ओजसने अंतिम लढतीत 150 पैकी 150 घेतले. अंतर 50 मीटर, दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं. एल्कच्या फुफ्फुसांचा भाग त्याच्या चौपट रुंद, मग आपल्याला 50 मीटर का नको?

एक तर आपण ओजस नाही. आणि समजा असलो, तरी बर्लिनचं लक्ष्य चालत नव्हतं.

शिकारीचा बाण सेकंदाला साधारण 80 मीटर जातो. 20 यार्डांना त्याला पाव सेकंदही लागत नाही. 60 यार्डांना जवळजवळ पाऊण सेकंद लागतो. एल्क रमतगमत चालत असला तरी तेवढ्यात तो मीटरभर पुढे सरकतो. तुम्ही नेम धरला होता फुफ्फुसावर, बाण पोचतो आतड्यात. शिवाय दोरीचा आवाज बाणाच्या चौपट वेगाने धावतो. 40 यार्डांवरच्या सावध जनावराला दचकायला आणि अंग वळवायला बाण पोचण्याआधी एक तृतीयांश सेकंद मिळतो. यात तुमच्या हाताचा काहीच दोष नसतो, आणि सरावाने हा वेळ कमीही होत नाही.

दुसरी गोष्ट अंदाजाची. अंतर मोजताना 5 यार्ड चुकले, तर 30 यार्डांवर बाण साधारण 9 सेंटिमीटर वर-खाली लागतो, 60 यार्डांवर 18. अंतर मोजणारं यंत्र, रेंजफाइंडर, आहे ना, असं म्हणाल. आहे, पण तुम्ही आकडा बघितल्यावर नर चार पावलं चालतो, तुम्ही दोरी ओढलेली असते आणि पुन्हा मोजायला हात मोकळा नसतो. उतारावरून मारताना आडवं अंतर धरायचं असतं हेही लक्षात असू द्या: 30 अंशांच्या उतारावर 40 यार्ड म्हणजे बाणाच्या दृष्टीने 35 च. कोन धरून आकडा देणारा रेंजफाइंडर घ्या. बाकी सामानात काटकसर केली तरी चालेल.

स्वतःचं अंतर शोधायची माझी रीत अगदी साधी आहे. कागदी जेवणाची थाळी लक्ष्यावर लावायची आणि दिवसाचा फक्त पहिला बाण मोजायचा. अंग थंड, हात न सरावलेला, पाठीवर पिशवी, बाणाला शिकारीचं पातं लावलेलं. विसाव्या बाणाला सगळेच धनुर्धर असतात. रानात मात्र तुम्हाला पहिलाच बाण मिळतो. ज्या अंतरावर असे पहिले बाण ओळीने थाळीत बसतात ती तुमची मैदानावरची हद्द. मग एक चढ धावत चढा, धाप लागलेली असताना गुडघ्यावर बसून तेच करा. सपाटीवर मी 50 यार्डांपर्यंत निर्धास्त असतो; धाप लागली की 35 च्या पुढे थाळी सुटायला लागते. एल्क भेटतात नऊ-दहा हजार फुटांवर, तेव्हा धाप लागलेली असणारच. म्हणून मी दुसरा आकडा खरा धरतो, त्यातून नव्या माणसाचे आणखी थोडे वजा करतो, आणि 30 येतात.

हा आकडा घरी ठरवायचा. रानात तो फक्त कमी करायचा: वारा असेल तर, प्रकाश उतरला असेल तर, जनावर कान टवकारून तुमच्याकडेच बघत असेल तर. आणि कोन चुकीचा असेल तर तो थेट शून्यावर आणायचा. जनावर पूर्ण आडवं उभं असावं किंवा थोडं पाठमोरं. समोर तोंड करून उभ्या एल्कवर 15 यार्डांवरूनही नवशिक्याने बाण सोडू नये. खांद्याचं आणि छातीचं हाड बाण अडवतं आणि फटीतून जायला जागा फारच थोडी. अनुभवी लोक यावर वाद घालतात, घालू देत.

सप्टेंबर हा माजाचा काळ. नर शिट्टीसारखी लांब आरोळी देतो, तुम्ही मादीचा आवाज काढता, तो येतो, आणि 60-70 यार्डांवर थबकतो. मादी दिसली पाहिजे तिथे ती दिसत नाही, म्हणून तो पुढे येत नाही. कोलोरॅडोतल्या मीकर गावाच्या पूर्वेला, फ्लॅट टॉप्सच्या डोंगराळ भागात असाच एक नर आमच्यासमोर आडवा उभा होता, झाडांच्या फटीत, अगदी चित्रासारखा. मोह होतोच. उपाय अंतरात नाही, मांडणीत आहे: आवाज काढणारा बाण सोडणाऱ्याच्या 40-50 यार्ड मागे बसावा, म्हणजे नर थबकेल तेव्हा तो तुमच्या पुढ्यात असेल. त्या नराच्या वेळी आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, त्यामुळे तो अर्थातच तिथूनच परत गेला. वाऱ्याचंही तसंच, त्याने तुमचा वास नराकडे नेता कामा नये. सकाळी थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते. हे सांभाळलं की 25 यार्ड अशक्य वाटत नाहीत.

बाण लागल्यावर काय, हे आधी माहीत असेल तर लांबचा मोह आपोआप ओसरतो. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस. अर्धा तास थांबून मागावर निघा. गडद असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर पोट. सहा-आठ तास हलायचं नाही, नाहीतर बसलेलं जनावर उठून कोसभर जातं. सप्टेंबरच्या उन्हात तेवढ्या वेळात मांस खराब व्हायला लागतं. कोलोरॅडोत जखमी जनावराचा माग काढणं आणि खाण्याजोगं मांस उचलणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि एका नराचं मांस शंभर किलोच्या आसपास भरतं.

कायद्याची किमान अट 35 पौंड ओढीचं धनुष्य आणि पाऊण इंचाहून थोडं रुंद, म्हणजे 7/8 इंची पातं. एवढ्यावर एल्क मारायला जाऊ नका. जड बाण घ्या आणि पातं दाढी होईल इतकं धारदार ठेवा. 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, ते हिवाळ्यातच उरकून टाका. परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात आणि हत्यार तेव्हाच निवडावं लागतं. नोकरीमुळे उन्हाळाभर रोज एक बाणही सोडता येणार नसेल, तर त्या वर्षी अर्जात धनुष्याऐवजी रायफलचा हंगाम लिहा.